कपाटातली शाल

बोरीपाड्याचं आरोग्यकेंद्र गावातल्या तरुण मंडळाची पोरं चालवायची, पण पाटीवर नाव मोठं त्यांना आधार देणाऱ्या संस्थेचं. पोरं दरवर्षी औषधं मागायची. संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब कारखानीस दरवर्षी यायचे, शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार करायचे आणि म्हणायचे, "तुमची सेवावृत्ती हेच खरं औषध!"

यंदा नवी, आणखी मोठी पाटी लावायची म्हणून नानासाहेबांनी स्वतः नारळ फोडला. करवंटीने तळहात चिरला, रक्ताची धार लागली.

"बघतेस काय? औषध आण, पट्टी आण!" ते मंडळाच्या सुनंदावर ओरडले.

सुनंदा आत गेली आणि एक शाल, एक नारळ घेऊन आली.

"थट्टा चालवलीयस माझी?"

"नाही साहेब. कपाटात तुम्ही दिलेलं एवढंच आहे. परवा जानकीची पोर तापाने फणफणत आणली, तेव्हाही एवढंच होतं. नारळाचा काही उपयोग झाला नाही. शाल मात्र कामी आली, तिला मसणात नेताना."

नानासाहेब हाताला रुमाल गुंडाळून गाडीत बसले.

सुनंदाचं उत्तर तालुकाभर गाजलं. संस्थेनेही त्याची दखल घेतली. पुढच्या वर्षी दोन शाली आल्या.