अर्धा अनारसा

"ते सगळं खरं बाबा, पण दिवाळीत माणसानं तोंड आवरायचं तरी कसं?"

त्र्यंबकने पुन्हा तेच विचारलं. निरंजनबाबा मठाच्या ओसरीवर बसून वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही. बाबांची ही जुनी खोड. प्रश्न नीट पिकल्याशिवाय ते त्याला हात लावत नसत.

टेकडी चढून आलेला त्र्यंबक अजून धापा टाकत होता. मांडीवर फडक्यात बांधलेला पितळी डबा होता.

त्याच्या जागी कुणीही घाबरला असता. त्याचे वडील साखरेच्या आजारानं गेले होते, आणि जाण्याआधी त्यांचा पाय गेला होता. "आणखी अंग धरलंत तर त्याच वाटेनं जाल," असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. दर दिवाळीला चढलेलं वजन शिमग्यापर्यंत उतरत नसे, आणि पुढची दिवाळी त्यावर आपला थर चढवून जाई. म्हणून यंदा त्यानं दसऱ्यालाच देवापुढे शपथ घेतली होती, फराळाला शिवायचं नाही.

"आणि पाळली बरं का!" तो छाती काढून म्हणाला. "काल भाऊबीजेला खाली गावात अक्काकडे होतो. थोरली बहीण माझी. अनारशांचं ताट पुढे आलं. मी हातानं सारलं. सगळे बघत राहिले."

"सगळ्यांदेखत सारलंस."

"हो."

"आणि सगळ्यांमागे?"

…

त्र्यंबकची छाती हळूहळू जागेवर आली.

"दुपारी सगळे कलंडले होते," तो पुटपुटला. "स्वयंपाकघरात गेलो. ताट झाकून ठेवलेलं होतं. उभ्या उभ्याच… किती खाल्ले, ते नका विचारू."

"नाही विचारत. कसे झाले होते?"

तो आठवू लागला. कपाळाला आठ्या घालून आठवू लागला. आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"आठवत नाही, बाबा."

बाबांनी वाती बाजूला ठेवल्या.

"अक्कानं पाहिलं मला," त्र्यंबक खाली बघत म्हणाला. "दारात होती. मला लाज वाटेल म्हणून पाठ फिरवून निघून गेली. आज निघताना उरलेले या डब्यात भरून दिले, एका शब्दानं बोलली नाही. तुम्ही ठेवून घ्या हा डबा. माझ्याजवळ राहिला तर घर येईपर्यंत रिकामा होईल. मी मला ओळखून आहे."

बाबांनी फडकं सोडलं. एक अनारसा काढला, मधोमध मोडला आणि अर्धा त्याच्या हातावर ठेवला.

त्र्यंबकचा अर्धा तोंडात गेला तसा पोटातही गेला. बाबा मात्र आपला पहिलाच घास चावत होते. डोळे मिटलेले. मग त्यांनी तळहातावर सांडलेली खसखस बोटानं टिपून खाल्ली.

"किंचित करपलाय."

"करपलाय? छे! अक्काचा हात आहे तो. तिच्या कढईत अनारसा हसून तुपात पसरत नाही की करपत नाही."

"बघ तर."

त्र्यंबकने डब्यात पाहिलं. खरंच, सगळ्यांच्या कडा तांबूस-काळ्या होत्या. तो बघतच राहिला. लहानपणी त्याला असाच लागायचा. कढईशी बसून तो अक्काला म्हणायचा, 'अजून राहू दे, अजून थोडा राहू दे.' आई ओरडायची, आणि अक्का एक घाणा त्याच्यासाठी मुद्दाम जास्त तळायची. इतक्या वर्षांनी ती हे विसरली नव्हती. आणि त्यानं मात्र ताटाकडे धड पाहिलंही नव्हतं.

त्यानं डबा जवळ ओढला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

मग हळूच विचारलं, "भाऊबीजेला ती कधी जेवते?"

"मला ओवाळून, खाऊ घालून मगच. पोरवयापासून तसंच आहे. माझं ताट झालं की ती बसते."

"आणि काल?"

त्र्यंबकला कालची दुपार आठवली.

काल ताट झाकताना अक्का सुनेला म्हणाली होती, 'मला काही भूक नाही गं.' त्यानं ते ऐकलं होतं. ऐकून त्याला बरंच वाटलं होतं, चला, विषय मिटला. दुपारी तो उभ्यानं बकाबका खात होता, तेव्हा दारात उभी असलेली त्याची बहीण उपाशी होती.

…

तो उठला. डब्याला झाकण लावलं, फडक्याची गाठ मारली. घराकडची वाट टेकडीच्या पलीकडून होती. तो अलीकडच्या पायऱ्यांकडे वळला, अक्काच्या गावाकडे.

दोन पायऱ्या उतरून थांबला. वडिलांचा पाय त्याच्या डोळ्यांसमोरून काही केल्या हलत नव्हता.

"बाबा, तिच्यासमोर बसलो की खावंच लागणार. मग माझ्या वजनाचं काय?"

बाबांनी पुन्हा वात वळायला घेतली होती.

"एकच अनारसा काढ. अर्धा तिच्या हातावर ठेव… आणि तुझा अर्धा पोटभर खा."