मुनीरशाच्या चार ओळी

“मग या चार ओळी आज उपटायच्या का उद्या, तेवढंच सांगा, बावा.”

निरंजन काळबांडे उभ्यानेच विचारत होता.

मुनीरशा फकीर तकियाच्या, म्हणजे दर्ग्याशेजारच्या आपल्या झोपडीच्या, ओट्यावर बसून बोंडातला कापूस काढत होता. दर्ग्याच्या दिव्यांना वाती लागतात, तेवढ्यापुरती पऱ्हाटी तो तकियामागच्या तुकड्यात लावी. चार ओळी. पाचवीला जागा नव्हती, आणि असती तरी त्याने ती लावली नसती, असं गाव म्हणे. तसा माणूस.

“बस ना, भाऊ.”

“बसायले नाई आलो.”

“मंग उभ्यानंच शिक.”

निरंजन शेतीची पदवी घेतलेला. बावीस एकरांचा धनी. त्याची पऱ्हाटी इतकी उंच, की कावळा शेंड्यावर जाताना मधल्या फांदीवर बसून दम खातो, असं गावात सांगत. सांगणाऱ्यांत मीही होतो. बियाणंही तसंच. मातीतल्या एका जंतूचं विष त्या झाडाच्या अंगातच तयार व्हायचं. अळीने चावा घेतला, की अळी संपली. चार वर्षं त्याच्या वावरात अळी औषधालाही सापडली नव्हती.

या वर्षी सापडली. बोंड फोडलं, तर आत गुलाबी अळी, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी निवांत.

“तुमची पऱ्हाटी साधी,” निरंजन म्हणाला. “तिच्यात विष नाई. अख्ख्या गावात अशी एवढीच उरली. अळ्या इथं जन्मतात अन् माह्या वावरात येतात. उद्या सकाळी लोक इळे घेऊन येनार हायेत. मी म्हटलं, आधी विचारून तर पाहू.”

“विचारून रायला का सांगून रायला?”

मुनीरशाने रिकामं बोंड बाजूला टाकलं.

“या ओळीचं बी कुठलं, ठाऊक हाये?”

“नाई.”

“तुमच्याच पिशवीतलं. तिच्यात एक लहान पुडी निंघते, साध्या सरकीची. वावराच्या कडेनं पेरा, असं लिहिलं असते तिच्यावर. तू काय सांगतलं गावाले?”

निरंजनने ओट्याच्या दगडाकडे पाहिलं. त्याने सांगितलं होतं, की ती पुडी म्हणजे अळ्यांना जेवणाचं आमंत्रण, फेकून द्या. गावाने पुड्या नाल्यात फेकल्या. पदवीवाल्याचा शब्द म्हणून काहींनी जरा जास्तच लांब फेकल्या.

“मी वेचून आनल्या,” मुनीरशा म्हणाला.

“काऊन? अळ्याईची दया आली?”

“दया करायले मले अळीच भेटली का?”

फकीर उठला. आतून कंदिलाच्या दोन काचा घेऊन आला आणि निरंजनच्या हातांत एकेक दिली.

“हिच्यात दहा अळ्या टाक तुह्या वावरातल्या. हिच्यात दहा माह्या ओळीतल्या. नुकत्या अंड्यातून निंघालेल्या पाहून घे, सुईच्या टोकाएवढ्या. दोन्हीकडं खायले तुह्याच पऱ्हाटीचं कवळं बोंड टाक. दोन्ही तोंडाले फडकं बांध. पाच दिवस गावाले थांबव.”

“अन् मंग?”

“मंग तू म्हनशील, तर मीच उपटतो.”

सौदा निरंजनला स्वस्त वाटला. भिंग घेऊन त्याने अळ्या वेचल्या आणि काचा घरात, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्या. बायकोने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढचे तीन दिवस त्यालाच बोलायची शुद्ध नव्हती. तो काचांसमोर बसून होता.

पाचव्या दिवशी तो तकियावर आला, आणि न सांगता बसला.

“बोल,” मुनीरशा म्हणाला.

“तुमच्या दहाच्या दहा मेल्या.”

“अन् तुह्या?”

निरंजनने ओट्यावरची सरकी बोटाने सरकवली.

“अबे, अळ्या मोजायले सांगतल्या होत्या, गिळायले नाई.”

“सात जित्या हायेत. बोंडात शिरल्या.”

“माह्या ओळीतल्या अळीले तुह्या बोंडावर पाच दिवस निंघत नाईत. मंग तुह्या वावरात जेवून रायली, ते कोनाच्या घरची?”



“माह्याच.”

“कोनं शिकवलं तिले?”

“विषानं. रोज थोडं थोडं खाऊन शिकली असंल.”

“विषानं कोनालेच काई शिकवलं नाई. मेल्या त्या मेल्या. लाखात एखादी पोटातूनच ते पचवायची ताकद घेऊन आली होती. बाकीच्या तू मारल्या, अन् तिले बावीस एकर मोकळं करून देल्लं.”

“मंग दुसरं विष आनतो. याच्याहून जहाल.”

“आन. त्यातूनबी एखादी निंघन.”

वाऱ्याने ओट्यावरचा कापूस हलला. फकिराने त्यावर खडा ठेवला.

“पन मरतुकड्या अळ्या पोसून तुम्ही काय मिळवता?” निरंजनने विचारलं. आता त्याच्या आवाजातली पदवी उतरली होती.

“सोयरीक.”

“काय?”

“अळीचं पाखरू होते. पाखराले जोडीदार पायजे. तुह्या वावरात उरलेली ते एक, अन् तिच्यासारखाच दुसरा एक. त्या दोघाईचं जमलं, तर पोरं सगळीच पचवनारी. पन माह्या ओळीतलं एखादं नाजूक पाखरू उडत गेलं, अन् तिचं त्याच्याशी जमलं...”

“तर?”

“पोरं बापावर जातात. तुह्या बोंडावर मरतात.”

निरंजन चार ओळींकडे पाहत राहिला. मग त्यांच्यापलीकडे, आभाळाला टेकलेल्या आपल्या बावीस एकरांकडे.

“एवढ्याशा ओळी पुरतील, बावा?”

“नाई पुरत. सत्तर वर्साचा मानूस नाल्यात किती वाकन?”

पांदणीच्या वाटेवर बोलणं ऐकू आलं. गावाचे पाच दिवस संपले होते. दहाबारा जण विळे घेऊन येत होते. सगळ्यांत पुढे निरंजनचा सख्खा काका. लांबूनच म्हणत होता, “काय बे, झाली का परवानगी?”

निरंजन उठला. ओळींच्या तोंडाशी जाऊन, दोन्ही हात पसरून उभा राहिला. मग मान वळवून हळूच म्हणाला,

“बावा, पुड्या फेकायले मीच सांगतलं होतं. चार वर्सं छाती काढून म्हनत आलो, माह्या वावरात एकबी जगत नाई. आता कोनत्या तोंडानं बोलू? काय सांगू याईले?”

मुनीरशाने पुढचं बोंड हातात घेतलं.

“सांग... मरनाऱ्या अळ्या संपत आल्या. उरल्या त्या या चार ओळीत.”