शेवटची गाठ

तालुक्याच्या प्रदर्शनात भागूआत्याची गोधडी मांडली होती, पण चिठ्ठीवर नाव होतं कापडवाल्या दिगंबरशेठचं. रागाने माझे कान तापले.

आत्याने परीक्षकबाईंना सांगितलं, "गोधडी माझी आहे."

शेठ हसले. "बाई, हिचे नुसते हात. एकेक टाका माझ्या नजरेखाली पडलाय."

"मग शेवटची गाठ कुठंय, दाखवा की शेठ."

शेठनी ऐटीत एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

आत्या म्हणाली, "गोधडी कडेपासून आत शिवत नेतात. शेवटची गाठ मधोमध येते."

बाईंनी चाचपलं. गाठ मधोमधच होती.

"शेठ, त्या कोपऱ्यात मी पहिला टाका घातला. तुम्ही तेव्हाही नव्हता, शेवटीही नव्हता."

बाईंनी चिठ्ठी काढली. नवी मी लिहिली, ठळक अक्षरांत.