दोन पंगतींच्या मध्ये

"पंगतीचं कोणी विचारायचं नसतं," दाजीबा म्हणाले.

"कुठे बसू ते विचारत नाही," कालिंदी म्हणाली. "कधी बसू, ते विचारतेय."

दाजीबा मठातले सर्वांत जुने सेवेकरी. त्यांनी तिच्या हातातल्या वरणाच्या बादलीकडे बोट दाखवलं. विषय संपला.

मठाची रीत सरळ होती. थोरल्या महाराजांच्या हयातीत जन्मले ते थोरले. आताचे महाराज गादीवर बसल्यावर जन्मले ते धाकटे. आधी थोरले जेवत, धाकटे वाढत. मग धाकटे जेवत, थोरले वाढत. तक्रारीला जागाच नव्हती.

फक्त मधे तेरा दिवस गादी रिकामी होती. कालिंदी त्यातल्या पाचव्या दिवशी जन्मली.

पहिल्या पंगतीला तिला सांगत, तू धाकटी, वाढ. दुसऱ्या पंगतीला सांगत, तू थोरली, वाढ. शहरात जाऊन ती एम. ए. झाली, परत आली, तरी बादली तीच. शेवटी पातेल्याच्या बुडाशी खरवडून जे निघेल ते तिचं. वर लोक कौतुकाने म्हणत, नशीबवान आहेस, दोन्ही पंगतींचं पुण्य तुला.

त्या दुपारी थोरल्यांच्या पानांवर भात पडला होता. कालिंदीने बादली जमिनीवर ठेवली. एक पत्रावळ घेतली आणि दोन रांगांच्या मधे मांडी घालून बसली.

"कॉलेजात बसायला शिकवलं वाटतं," दाजीबा म्हणाले.

"हो. बाकावर. सगळ्यांना एकाच वेळी."

कोणीतरी महाराजांना बोलावून आणलं. महाराज जेवायचे आपल्या खोलीत. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"काय हवं, बाळ?"

"पान."

"मीही कुठल्या पंगतीत बसत नाही. ना थोरला, ना धाकटा. तू नि मी सारखेच."

"तुमचं ताट सगळ्यांच्या आधी जातं, महाराज."

महाराज उठून खोलीत गेले. आपलं ताट घेऊन आले आणि तिच्या पत्रावळीवर ठेवलं. भाताला अजून हात लागला नव्हता. वर तूप विरघळत होतं.

पंगतीतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. दाजीबांचे तर डोळे भरून आले. ते म्हणाले, पोरी, जन्माचं सार्थक झालं, प्रसाद घे.

कालिंदीला सकाळपासून भूक होती. तिने ताट दोन बोटांनी मागे सारलं.

"हा खाल्ला की उद्या पुन्हा बादली माझ्याच हातात. प्रसाद नको, महाराज. पान हवं."

"कोणत्या पंगतीत?"

"जिला गरम वाढतात, तिच्यात."

बादली होती तिथेच होती. कोणी उठलं नाही.

महाराजांनी एकदा बादलीकडे पाहिलं. मग पानांवर बसलेल्या प्रत्येकाकडे, सावकाश…

"वरण निवतंय," ते पंगतीला म्हणाले.