तागडी पळवणारी येसूआत्या

फार वर्षांपूर्वी, बाणाई नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. उन्हाळ्यात नदी आटली की कोरड्या पात्रातच मंगळवारचा बाजार भरायचा. वाळू मऊ, धूळ नाही, हाताने उकरलं की झऱ्याला गार पाणी. बाजाराला आणखी काय हवं?

त्या बाजारात येसूआत्या कुंभारीण मडकी मांडून बसायची. तिचं माहेर वर डोंगरात. तिकडे वळीव कोसळला की इकडे लख्ख उन्हातसुद्धा लोंढा येतो, हे तिने लहानपणी पाहिलेलं. डोंगरावर वीज चमकली की ती ओरडायची, "काठावर चला." तीनदा तिने बाजार उठवला. तिन्ही वेळा पाणी वरच जिरलं. मग तिच्याकडे कुणी ढुंकून पाहीना.

एका वैशाखात भर दुपारी तिच्या झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं. डोंगर काळाठिक्कर पडला होता. ती गुरलिंगशेट वाण्याकडे धावली.

"शेट, उठा. पाणी येतंय."

"येऊ दे की. तुझी मडकी फुकटात भरतील, आत्या."

सगळे हसले. आत्याचं डोकं फिरलं. सांगून सांगून घसा बसला होता. यांना जिवाचं सांगून कळत नाही, मग कळतं तरी कशाचं? तिची नजर शेटच्या तागडीवर गेली. तिने ती हिसकावली आणि सबंध उन्हाळाभर घडवलेली मडकी तिथेच टाकून काठाच्या उंच दरडीकडे पळत सुटली.

"चोर, धरा तिला," शेट धोतर सावरत उठला. जोंधळेवाला उठला, मिरचीवाली उठली. चोर म्हटल्यावर बाजारात कोण बसून राहतं? जिवासाठी जे हलले नव्हते, ते तागडीसाठी शिव्या घालत दरड चढले. शेवटचा माणूस वर पोचला आणि खाली नदी गरजली.

असं म्हणतात, पाणी त्या दिवशी ताडाएवढं उंच आलं. असं म्हणतात, आत्याची मडकी लाटांवर रांगेने तरंगत पार समुद्रापर्यंत गेली आणि एकही फुटलं नाही. आणि असंही म्हणतात, की शेटने आधी तागडी उलटसुलट करून पाहिली.

"पारड्याला पोचा पाडलास, आत्या."

आत्या कपाळाला हात लावून खाली बसली.

आजही चैत्रातल्या पहिल्या बाजारी कुंभारवाड्यातली एक बाई तीच पोचा पडलेली तागडी पळवते. सगळे व्यापारी शिव्या देत मागे धावतात. दरडीवर आत्याच्या नावाने नारळ फोडतात, मनोभावे हात जोडतात.

मग खाली उतरतात, आणि नदीच्या वाळूत आपापली पथारी अंथरतात.