चर्रर्रचं बटण

आधीच सांगून टाकतो. चूक सर्जेराव अण्णांची होती. गाव म्हणतं गुणाजीची. गाव तसं म्हणणारच, कारण गावात बोलायचा हक्क फक्त पन्नाशी उलटलेल्यांना आहे, आणि ते सगळे अण्णांकडे फुकट चहा पितात.

तर घाटमाथ्यावरच्या एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा गडी होता. चांगला तिशीचा. सांगितलेलं काम करायचा. सांगितलं तेवढंच, आणि सांगितलं तसंच. अण्णांच्या हॉटेलात तो कामाला होता. घाट चढून आलेली अकराची एसटी तिथं दहा मिनिटं थांबायची. गाडी थांबायची म्हणून हॉटेल चालायचं. बाकी हॉटेलात चालण्यासारखं काही नव्हतं.

अण्णा कांदाभजी सकाळी सहाला तळायचे. एकदाच. अकरापर्यंत ती गारढोण. मग त्यांनी युक्ती काढली. भजी तळतानाचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला आणि बेसनाच्या डब्यामागं स्पीकर लपवला. बटण दाबलं की चर्रर्र. प्रवासी पळत यायचे. भजी गार लागली की अण्णा सांगायचे, घाटावरची हवाच तशी आहे.

बटणाचं काम गुणाजीकडं आलं. अण्णांनी शिकवलं, गाडी दारात थांबली की दाबायचं.

एसटी थांबली, गुणाजीनं दाबलं. दुधाचा टेम्पो थांबला, दाबलं. मंगळवारी एक गाडी पंक्चर होऊन थांबली. आत मयत होतं. नातेवाईक रडत खाली उतरले. चर्रर्र. मयताची बायको रडता रडता थांबली. तिचा दीर सवयीनं "दोन प्लेट" म्हणून बसला. मग भावकीनं आधी त्याला धरलं, आणि मग अण्णांना.

आता इथं शहाण्या माणसानं स्पीकर काढून टाकला असता. पण मोठी माणसं चूक कबूल करत नाहीत. नवा नियम काढतात.

"आरं बैला, गाडीकडं काय बघतोस? माणसाच्या तोंडाकडं बघ," अण्णा म्हणाले. "गरम हा शब्द आला की दाबायचं."

गुणाजीला पटलं. त्याला सगळंच पटायचं.

बुधवारी अक्कांना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, ताप आला. हॉटेलामागच्या खोलीत त्या निजल्या होत्या. डॉक्टर आले. कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, अंग चांगलंच गरम आहे. भिंतीपलीकडून चर्रर्र. डॉक्टरांनी हात असा काढला की बोटं तोंडातच घातली. अक्कांनी डोळे उघडून विचारलं, मला तळताय का काय.

अण्णांनी तिसरा नियम काढला. गरम वस्तूला आवाज लागतोच कशाला? वस्तू गार असली तर दाबायचं. आवाज झाला की गार वस्तू गरम होते.

शेवटचं वाक्य त्यांनी हसत हसत म्हटलं होतं. गुणाजी हसला नाही. तो लक्षात ठेवत होता.

तेवढ्यात डेपोतून निरोप आला. कुणा प्रवाशानं तक्रार लिहिली होती: आवाज गरम, भजी गार. शुक्रवारी साहेब येऊन स्वतः खाऊन बघणार होते. भजी गार निघाली तर थांबा खालच्या वळणावरच्या हॉटेलाला देणार होते. अण्णांची झोप उडाली. थांबा गेला तर हॉटेल गेलं.

शुक्रवारी पहाटे अण्णांनी गुणाजीला अंघोळीचं पाणी काढायला सांगितलं. पौषातली थंडी. गुणाजीनं विहिरीचं पाणी बादलीत ओतलं. हात घालून बघितला, गार होतं. मग मोबाइल आणि स्पीकर आणून बादलीशेजारी ठेवले आणि बटण दाबलं. चर्रर्र. अण्णा पंचा लावून आले. आवाज ऐकून म्हणाले, लेका फारच कढत केलंस की. म्हणून विसणाचे आणखी दोन तांबे गार पाणी त्यांनीच त्यात ओतलं. आणि मग सगळी बादली एकदम डोक्यावर घेतली.

ती किंकाळी खालच्या वळणापर्यंत गेली असं म्हणतात.

दात वाजत होते तरी अण्णांनी चौथा नियम सांगितलाच. "आज ब-बटणाला हात लावायचा नाही. आणि चर्रर्र ऐकू आलंच, तर आधी बंद करायचं. डोकं लावायचं नाही."

आज आपण खरी, ताजी भजी तळणार आहोत, एवढं सांगितलं असतं तर भागलं असतं. पण धाकट्यांना कारण सांगायचं नसतं. हुकूम द्यायचा असतो.

अकराला साहेब आले, बाकावर बसले. अण्णांनी पहिला घाणा काढला, दुसरा कढईत सोडला आणि ताट घेऊन बाहेर गेले. साहेबांनी भजं तोंडात टाकलं. जीभ पोळली. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मान डोलावली आणि खिशातून पेन काढलं.

आत गुणाजीला चर्रर्र ऐकू आलं. त्यानं बटण दाबलं. तर दोन चर्रर्र झाले. पुन्हा दाबलं. एक थांबला, एक राहिला. वायर काढली. राहिला. स्पीकर उलटा करून झटकला. राहिलाच. त्याला कढई दिसत होती. पण अण्णा कढईबद्दल काही बोलले नव्हते, आवाजाबद्दल बोलले होते.

शेवटी तो स्पीकर काखेत घेऊन, वायर फरपटत बाहेर आला आणि साहेबांसमोर ठेवून हात जोडून उभा राहिला.

"साहेब, तुम्ही शिकलेले. जरा बघा की. रोज भजी तळायचा आवाज एका बटणात बंद होतो. आज वायर काढली तरी होत नाही."

साहेबांनी स्पीकरकडं बघितलं. अण्णा ओरडून सांगायला लागले की आजची भजी खरी आहेत.

साहेब म्हणाले, "आजची?"

अकराची गाडी आता खालच्या वळणावर थांबते. अण्णांचं हॉटेल पुढच्या महिन्यात बंद झालं.