कातरीन रागावली तो रविवार

फोटो काढा, पण त्या पाटीचा काढू नका. पाटीवर लिहिलंय ते खोटं आहे.

खडक बघा. आता ओहोटी आहे म्हणून तुम्ही चिखलातून त्याच्यापर्यंत जाऊन आलात, भरतीला त्याचा माथा तेवढा वर राहतो. माथ्यावरचा तो क्रूस होडीच्या जुन्या फळ्यांचा आहे. वेळूखाडीचं चर्च वर टेकडीवर, आणि क्रूस इथे खाली चिखलात कसा, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. नाताळनंतर तीन राजांचा सण येतो, त्याच्या पुढच्या पहिल्या रविवारी इथल्या बायका या खडकाशी उभ्या राहून ओरडतात, ते का, हेही विचारतात. म्हणून कोणीतरी पाटी लावली, की देवदूताच्या वाणीने धुक्यात हरवलेल्या कोळी बांधवांना इथे तारले. लावताना आम्हाला कोणी विचारलं नाही.

देवदूत वगैरे कोणी नव्हतं. ती कातरीन होती, आणि ती शिव्या देत होती.

मला इथे फिलूमाय म्हणतात. कातरीनच्या घरात मी सून म्हणून आले. माझ्या सासूने मला हे सांगितलं, तिला तिच्या सासूने. त्यामुळे मी सांगते ते ऐका, आणि पाटी विसरा.

असं सांगतात की तेव्हा होड्यांना इंजिन नव्हतं. शीड आणि वल्ही. समुद्रात खुंट ठोकलेले, त्यांना जाळी बांधलेली, आणि भरती-ओहोटीची वेळ साधून ती उचलायला जायचं. पहाटे पाणी असेल तर पहाटे, भर दुपारी असेल तर दुपारी. शरीराचं कोणी ऐकायचं नाही, पाण्याचं ऐकायचं. पण रविवार तेवढा आपला होता. शनिवारी जाळी वर घ्यायची. रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, मग जेवण, मग झोप. बापजाद्यांपासून तसंच होतं.

मग एका वर्षी बोंबील उदंड आला. पलीकडच्या कोळीवाड्यातले लोक रविवारीही जायला लागले. आपल्या होड्यांचा मुख्य तांडेल, होड्या नेणारा म्होरक्या, होता मिंगेल. समुद्र त्याला तळहातासारखा पाठ होता म्हणे, आणि ते तो कोणाला विसरू द्यायचा नाही. तो म्हणाला, "ते भरभरून नेतात आणि आपण गुडघे टेकून बसायचं? समुद्राला रविवार नसतो."

कोणी विरोध केला नाही. पहिल्या रविवारी, आजच्यापुरतं, असं म्हणून गेले. मग ते दर रविवारचंच झालं. नाताळ येईपर्यंत आज वार कोणता हे घराघरांत पुरुष बायकांना विचारायचे.

कातरीनचा नवरा इनास मिंगेलच्याच होडीवर होता. धिप्पाड माणूस, पण त्या हंगामात पार वाळून गेला. भात खाताना झोपायचा. घास तोंडात आणि मान छातीवर. धाकटी मुलगी त्याला परका समजून रडायची. एकदा समुद्रावरून आला तो आपल्या घरी न येता शेजारच्या घरात शिरला आणि पाटावर बसून राहिला, जेवण वाढायची वाट बघत. स्वतःच्या आळीत माणूस चुकला. सगळी आळी हसली. कातरीन हसली नाही.

ती मिंगेलकडे गेली. तो अंगणात जाळं विणत बसला होता.

"तांडेल, रविवार परत द्या," ती म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याने तक्रार केली का?"

"त्याला तक्रार करायला जाग असावी लागते. काल तो शेजारणीच्या घरात जाऊन जेवायला बसला."

"जेवला ना?" मिंगेल म्हणाला, आणि पुन्हा जाळ्याकडे वळला.

तिथून ती थेट टेकडी चढून पाद्रीबाबांकडे गेली. माणूस वाईट नव्हता, दूरच्या गावाहून आलेला, पण सणाच्या मिरवणुकीत छत्री धरायचा मान मिंगेलचा होता, आणि त्याला बोलायची बाबांची हिंमत नव्हती. ते म्हणाले, "बाई, सोस. प्रभूनेही सोसलं."

"प्रभू होडीत झोपला होता, बाबा," कातरीन म्हणाली. "वादळ चालू होतं तरी उशी घेऊन झोपला होता. तुम्हीच सांगितलंय. माझ्या माणसाला शांत समुद्रातही डोळा मिटायची परवानगी नाही. मग काय सोसायचं, ते नीट सांगा."

बाबा म्हणाले, मी मिंगेलशी बोलतो. बोलले नाहीत.

नंतर तीन राजांचा सण झाला आणि त्यानंतरचा रविवार आला. पहाटेच्या ओहोटीबरोबर सगळ्या होड्या गेल्या. कातरीनने इनासला हलवून हलवून उठवलं होतं. त्याने पेजेला तोंडही लावलं नाही, उठला आणि चालू लागला. ती मुलीला जावेकडे ठेवून मिस्सेला गेली. चर्चमध्ये बायका, म्हातारे आणि पोरं. बाबांनी प्रवचन काढलं ते नेमकं विसाव्याचं. ओझ्याने वाकलेल्यांनो माझ्याकडे या, मी तुम्हाला विसावा देईन, असं प्रभू म्हणतो, वगैरे.

कातरीन मध्येच उठली. मिस्सा चालू असताना बाई उठून गेली असं वेळूखाडीत कधी घडलं नव्हतं. बायकांना वाटलं, हिला बरं नाही. ती टेकडी उतरली, घराकडे न वळता किनाऱ्यावर आली आणि चिखल तुडवत या खडकाच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. तोवर धुकं उतरलं होतं. थंडीच्या दिवसांत खाडीवर उतरतं तसं, हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत असं.

आणि तिने तोंड उघडलं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पाटी लिहिणाऱ्याने ती घेतली नाही. होड्या चुकल्यात हे तिला ठाऊकच नव्हतं. ती कोणाला वाचवायला आली नव्हती. ती भांडायला आली होती. वर चर्चमध्ये मोठ्याने बोलता येत नाही म्हणून इथे आली.

आधी तिने देवाला धरलं. "थकलेल्यांनो या म्हणतोस. ते येणार कधी? तुझ्याकडे यायचा दिवस त्या मिंगेलने खाल्ला आणि तू बघत राहिलास. सहा दिवस जग घडवून तू टेकलास, तुला कोणी खांद्याला धरून हलवलं नाही. माझ्या इनासला मी स्वतः हलवते, या हातांनी. माझ्याकडून हे करून घेतोस?" मग बाबांना, मग मिंगेलला, त्याच्या सात पिढ्यांना. त्या शिव्या मी तुम्हाला सांगणार नाही, पण माझ्या सासूला सगळ्या पाठ होत्या. शेवटी नवऱ्याला. त्या काळी बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. कातरीनने त्या दिवशी घेतलं, तेही अरे-तुरे करून. "इनास, तुला जीभ नाही? नाही म्हणायला काय लागतं? पेज तशीच टाकून गेलास, ती मी कोणाला घालू?" भरती चढत होती. पाणी तिच्या घोट्यांशी आलं, मग गुडघ्यांशी. ती हलली नाही.

तिकडे समुद्रात काय चाललं होतं ते इनासने नंतर सांगितलं. धुकं पडलं तेव्हा होड्या परतीला लागल्या होत्या. वारा पडला. सूर्य कुठे आहे कळेना. मिंगेलने आधी एका अंगाला वल्हवायला लावलं, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. शेवटी त्याने वल्हं आत घेतलं आणि म्हणाला, "मला दिशा कळत नाही." हे वाक्य त्याच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं. माणसं घाबरली. आणि मग, सांगतात, एक विचित्र गोष्ट झाली. वल्हवायचं नाही, जाळं ओढायचं नाही, कुठे जायचं ते ठाऊक नाही. करण्यासारखं काहीच उरलं नाही. तेव्हा आधी इनास आडवा झाला, मग एकेक करून बाकीचे. भिजल्या जाळ्यांवर डोकं ठेवून सगळे झोपले. चुकलेल्या होडीत त्यांना झोप मिळाली, घरात मिळाली नव्हती. एकटा मिंगेल जागा होता.

इकडे चर्चमध्ये होड्या आल्या नाहीत हे कळलं आणि बाबांनी घंटा वाजवायला लावली. हेतू चांगला होता. पण खाडीच्या पलीकडे तेव्हा जुन्या किल्ल्याच्या तटाची उंच भिंत होती, आणि टेकडीवरच्या घंटेचा आवाज त्या भिंतीवर आपटून परत यायचा. धुक्यात घंटा दोन्हीकडून ऐकू येत होती. कुठली खरी, कोणाला कळेना.

इनास जागा झाला तो घंटेने नाही. तो उठून बसला आणि म्हणाला, "ती बघा, मला ओरडतेय."

"कोण?" मिंगेल म्हणाला. "घंटा वाजतेय."

"घंटेखाली ऐका. पाण्यावरून येतंय."

"तुला भास होतोय. झोपेत आहेस तू."

"तांडेल, समुद्र तुम्हाला ठाऊक," इनास म्हणाला. "माझ्या बायकोचा राग मला ठाऊक. त्या बाजूला मारा."

मिंगेलने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या सांगण्यावरून होडी वळवली. जवळपासच्या होड्यांना त्यांनी हाका घातल्या, त्याही मागे लागल्या. आवाज कधी बारीक व्हायचा, कधी स्पष्ट. मिंगेलला स्वतःचं नाव ऐकू आलं, आणि पुढे काय काय, तेही. तो वल्हवत राहिला.

खडकाशी कातरीन मांड्यांपर्यंत पाण्यात उभी होती. धुक्यातून होडीची नाळ, तिचं पुढचं टोक, बाहेर आली तेव्हाही ती थांबली नाही, म्हणे. इनास पाण्यात उतरून तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"झोपलास?" तिने विचारलं.

"झोपलो."

"किती?"

"पोटभर."

त्याने तिला उचलून किनाऱ्यावर आणलं.

एकामागून एक होड्या लागल्या. एक आली नाही. मिंगेलचा धाकटा भाऊ बस्त्याव तिच्यावर होता, आणि त्याच्याबरोबरची माणसं. ते घंटेच्या मागे गेले होते. पलीकडच्या भिंतीखाली खडकांची रांग आहे, अजूनही आहे, ओहोटीला दिसते. पुढच्या भरतीबरोबर फळ्या किनाऱ्याला आल्या. माणसं आली नाहीत.

इथून पुढे दोन तऱ्हेने सांगतात. चर्चच्या पुस्तिकेत आहे की मिंगेल तिच्या पायाशी गुडघे टेकून बसला, रडला, आणि तिने ख्रिस्ताला स्मरून त्याला क्षमा केली. वाचायला बरं वाटतं. माझी सासू म्हणायची, असलं काही घडलं नाही. बस्त्यावची बायको पोटुशी होती. कातरीन तिच्या दारात बसून असायची. ती कसली क्षमा करते.

मिंगेल पुन्हा समुद्रावर गेला नाही. लहानपणापासून ज्याला प्रत्येक वाट ठाऊक होती, त्याला जमिनीवर कुठे जावं ते कळेना. अंगणात यायचा, उभा राहायचा, आत जायचा. मग एक दिवस पुन्हा धुकं पडलं. तो उठला, या खडकावर येऊन बसला आणि भावाला हाका मारायला लागला. "बस्त्याव, इकडे. बस्त्याव." लोक म्हणाले, वेडा झाला. पण त्या हाकेवर दुसऱ्याच गावची एक होडी सुखरूप किनाऱ्याला लागली. पुढच्या धुक्यात आणखी एक. मग तो दर धुक्याला येऊन बसू लागला, म्हातारा होईपर्यंत. भाऊ कधी आला नाही. दुसऱ्यांचे भाऊ येत राहिले. बस्त्यावच्या होडीच्या फळ्या जोडून त्यानेच हा क्रूस उभा केला. फळ्या कुजल्या की आम्ही बदलतो, पण होडीचीच फळी घेतो.

तो इथे बसला की कातरीन पेजेचं मडकं आणून शेजारी ठेवायची आणि एक शब्द न बोलता परत जायची. तिने त्याला माफ केलं नाही. उपाशीही ठेवलं नाही. कोणत्या देवदूताला हे जमलं असतं?

त्या वर्षीपासून वेळूखाडीची होडी रविवारी पाण्यात जात नाही. धुकं असलं की चर्चची घंटा वाजत नाही. पाद्री बदलले, बिशप बदलले, हा नियम कोणी बदलला नाही. आणि त्या एका रविवारी मिस्सा झाली की बायका खडकाशी येतात. पुरुषांनी वाळूत बसायचं आणि ऐकायचं. उत्तर द्यायचं नाही, उठून जायचं नाही. ज्या बाईच्या मनात वर्षभराचं जे असेल ते तिने बोलायचं, माणसाला किंवा देवाला. मागच्या फादरांनी मला विचारलं होतं, फिलूमाय, त्याऐवजी सगळ्यांनी शांतपणे प्रार्थनेची माळ म्हटली तर? मी म्हटलं, माळ आम्ही रोज म्हणतो. हा दिवस वेगळा आहे.

गेल्या वर्षी आमची जसिंता बोलली. तिचा नवरा ट्रॉलरवर आहे. मासळीवर घालायचा बर्फ संपेपर्यंत ट्रॉलर परत येत नाही, माणसं पाळीपाळीने झोपतात. इथल्या होड्यांचा नियम ट्रॉलरला लागू नाही असं मालक म्हणतो. तो मालक वाळूत पहिल्या रांगेत बसला होता, आमच्याच गावचा आहे. जसिंताने आधी देवाला धरलं, मग त्याला. घसा बसेपर्यंत बोलली. तो लाल झाला, पण उठला नाही. पुढे काय झालं विचाराल, तर ते भांडण अजून चालू आहे. यंदा ती पुन्हा बोलणार आहे, आणि तिच्यामागे मी.

आजही त्या रविवारी भरतीचं पाणी गुडघ्याला लागेपर्यंत बायका बोलतात. मग सगळी आळी एकत्र जेवते, आणि जेवून झालं की झोपते. म्हातारे, पोरं, तांडेल, फादरसुद्धा. त्या दुपारी वेळूखाडीत कुत्रं भुंकलं तर त्यालाही कोणी हाकलायला उठत नाही. तुम्हाला यायचं तर सकाळी या, आमच्यात बसा, ऐका. दुपारी आलात तर कोणाचं दार वाजवू नका.

वाजवलंत तर बाई बाहेर येईल, आणि मग ती जे बोलेल ते तुम्ही पाटीवर लिहू शकणार नाही.